साहेबांची संमती

आमच्या संसाराचं कौतुक आजवर एकाच माणसाने केलं, आणि तेही साहेबांचं सदस्यत्व रद्द करताना. निकालपत्राच्या शेवटाकडे न्यायाधीश बाईंनी लिहिलं आहे, की या पती-पत्नीमध्ये इतकी गाढ समजूत आहे, की एकाच्या मनातलं दुसऱ्याला कळायला शब्द लागत नाहीत. सबब पत्नीने केलेलं वाटप पतीच्या संमतीनेच झालं असं मानावं लागतं. मी चष्मा पुसून ते वाक्य पुन्हा वाचलं. सासरच्या माणसांनी, माहेरच्या माणसांनी, पोटच्या मुलानेही आमच्याबद्दल एवढं चांगलं कधी म्हटलेलं नाही. हसावं की रडावं कळेना, म्हणून कागद घडी करून ठेवून दिला आणि भाजी निवडायला बसले.

साहेब म्हणजे माझा नवरा. सगळं जग त्यांना साहेब म्हणतं. मी आधी चेष्टेने म्हणायचे, मग तेच तोंडात बसलं. आता नावाने हाक मारली तर त्यांना वाटेल, ही दुसऱ्याच कुणाला बोलावतेय. सभागृहात त्यांच्याइतका मुरलेला सदस्य दुसरा नव्हता. सरकारं आली नि गेली, हे आपल्या खुर्चीवर तसेच. नवीन निवडून आलेली मंडळी त्यांच्याकडे बघून शिकायची: चष्मा कधी काढायचा, पाण्याचा घोट कधी घ्यायचा, समोरचा तापला की हळूच उठून बाहेर कसं जायचं. भाषण तर असं करायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं आपल्या पदरात काहीतरी पडलं. काय पडलं ते त्याला घरी गेल्यावर आठवायचं नाही.

घरात मात्र हा माणूस कधी काही सांगायचा नाही. मुका नव्हता, बोलायचा. पण 'हे कर', 'ते आण' असं त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. त्यांना राजकारणात आणणाऱ्या म्हाताऱ्या पुढाऱ्याने ही पद्धत शिकवली होती. कुणाला काम सांगायचं नाही, नुसती परिस्थिती सांगायची. सांगितलेलं काम उद्या सांगणाऱ्यावरच शेकतं, परिस्थिती कुणावर शेकत नाही. साहेबांनी ते कार्यालयापुरतं न ठेवता घरातही आणलं. 'सगळ्यांचा चहा झाला वाटतं' म्हणजे मला अजून मिळालेला नाही. 'आज हवा कोंदट आहे' म्हणजे या पाहुण्याला कटवा. 'पुलावर हल्ली फार गर्दी असते' म्हणजे पुलापलीकडची सभा रद्द करा, आणि का रद्द केली ते तुमचं तुम्ही लोकांना सांगा.

ही भाषा घरातल्या सगळ्यांना थोडी थोडी येत होती. ड्रायव्हरला गाडीपुरती, स्वयंपाकाच्या बाईंना ताटापुरती, मुलाला स्वतःच्या फायद्यापुरती. पुरी यायची ती फक्त मला. साहेबांचे सेक्रेटरी सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन घुटमळायचे. साहेब म्हणाले, त्या शाळेची भिंत फार दिवस पडून आहे. म्हणजे बांधायची, की बांधायची नाही, असं विचारायचे. मी उलट विचारायचे, भिंत म्हणताना साहेब तुमच्याकडे बघत होते की खिडकीबाहेर? खिडकीबाहेर बघत असतील तर बांधायची नाही. माझं कधी चुकलं नाही, आणि मला त्याचा गर्व होता. सरळच सांगते, भारी गर्व होता. बाहेरच्या कुणाला ज्या माणसाचा थांग लागत नाही तो मला आरपार दिसतो, आणि मला दिसतो हे त्यालाही माहीत आहे, असं मी धरून चालले होते. संसार म्हणजे हेच असणार, दुसरं काय असायचं, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

मतदान तोंडावर आलेलं असताना खालच्या वस्तीत पाण्याची मोठी पाइपलाइन फुटली. घराघरांत पाणी शिरलं. साहेब नाश्त्याला बसले होते. त्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आणि बशीकडे बघत म्हणाले, "खालच्या वस्तीत लोक ओल्या जमिनीवर झोपतायत म्हणे."

एवढं बोलून हात पुसले नि गाडीत जाऊन बसले. मला तेवढं पुरे होतं. मी गादीवाल्याला फोन लावला. तो पडून असलेल्या कापसाच्या गाद्या माझ्या गळ्यात मारायला बघत होता. मी म्हटलं, बाबा, कापूस ओल धरतो, आठवड्यात वास मारायला लागेल; फोमच्या दे आणि वरून धुता येईल असं कापड घाल. बिल कुणाच्या नावावर करू, असं त्याने विचारलं. माझ्याकडे पाठव म्हटलं, तेव्हा शहाण्याने पुढे तोंड उघडलं नाही.

आता कुणी विचारेल, गाद्या मतांसाठी होत्या का? होत्या. मी काही दूधखुळी नाही. आणि लोक खरोखर ओल्या जमिनीवर झोपत होते का? तेही होते. कोर्टाला या दोन्ही गोष्टी एकदम चालत नाहीत, त्यांना एकच काय ते सांगावं लागतं. मला तेव्हा असा प्रश्नच पडला नव्हता. साहेबांच्या मनात आलं होतं, आणि ते पुरं करायचं होतं.

ट्रकबरोबर मी स्वतः गेले, पायात रबरी बूट घालून. भिंतींवर गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत चिखलाची रेघ होती. माणसं भांडीकुंडी टेबलांवर रचून दाराशी उभी होती. शिवणकाम करणारी एक बाई होती तिथे. तिने गादी हाताने दाबून बघितली, कडेची शिवण नखाने ओढून बघितली, आणि मला विचारलं, परत न्यायला येणार नाही ना? मागच्या वेळी कुणा उमेदवाराने वस्तीत पंखे लावून दिले होते. तो पडला, आणि दुसऱ्या दिवशी त्याची माणसं शिडी घेऊन आली नि पंखे उतरवून घेऊन गेली. मला हसू आलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "ही तुझी. निकाल काहीही लागो." तिची म्हातारी आई तेवढ्यात गादीवर आडवी झालीसुद्धा, पायातल्या चपलांसकट.

साहेब निवडून आले. साहेबांनी मतं विकत घेतली, असा दावा हरलेल्या उमेदवाराने ठोकला. त्याच्या माणसांनी ट्रकचे फोटो काढून ठेवले होते, आणि रबरी बुटांत मी त्या फोटोंत अशी काही ठसठशीत आले होते की नाकारायची सोयच नव्हती. मग कोर्टाचे लोक वस्तीत गेले आणि पुरावा म्हणून गाद्या उचलून घेऊन गेले. एकेका गादीला चिठ्ठी बांधून त्या कुठल्याशा गोदामात टाकल्या. शिवणकामवालीचीही गेली. त्यामुळे ती साक्षीला आली तेव्हा तिचा राग दावा करणाऱ्यावर नव्हता, माझ्यावर होता. मी शब्द दिला होता आणि गादी गेली होती, तिच्या बाजूने हिशेब सरळ होता. तिने एक अक्षर वाढवून सांगितलं नाही. बाई स्वतः आल्या, गादी दिली, आणि म्हणाल्या की ही तुझी, निकाल काहीही लागो. आमच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले.

त्या दिवशी दुपारी आमच्या घरी, साहेबांच्या बसायच्या खोलीत बैठक झाली. साहेब, मुलगा, वकील आणि मी. वकील साहेबांचे जुने स्नेही, माझ्या हातचं पुष्कळ जेवलेले. ते म्हणाले, गाद्यांचं आता विसरा. निवडणुकीच्या तोंडावर दिल्या, निकालाचं नाव घेऊन दिल्या, ती लाच ठरणार म्हणजे ठरणार. आता फक्त साहेबांना त्यातून बाहेर काढायचं. उमेदवाराच्या संमतीशिवाय दुसऱ्याच कुणी परस्पर वाटप केलं असेल, तर उमेदवाराची जागा वाचते.

मी म्हटलं, मग काय, मी सांगते की साहेबांनी मला गाद्या वाटायला सांगितलं नव्हतं. खरंच नव्हतं सांगितलं.

"तेवढ्याने भागत नाही, वहिनी," वकील म्हणाले. "एका छपराखाली राहून नवऱ्याला पत्ता नव्हता, हे गळी कसं उतरणार? तुमचं दोघांचं आपसात काही बोलणं नाही, संबंध नावापुरता आहे, असं यायला हवं."

मुलगा मोबाइलमध्ये बघत होता. झोपायच्या खोल्या वेगळ्या आहेत ना, असं वकिलांनी जरा संकोचून विचारलं. आहेत, मी म्हटलं, साहेब घोरतात. ते कोर्टात नको, नुसतं वेगळ्या आहेत एवढंच सांगा, असं ते म्हणाले. मग सगळे साहेबांकडे बघू लागले. साहेब खिडकीबाहेर बघत होते. तसेच बघत म्हणाले, "मागची झाडं फार वाढलीत."

वकिलांना काही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मुलाने बघितलं. मीच सांगितलं, साहेब तयार आहेत. वाढलेलं छाटायला हवं, असं म्हणतायत. वकिलांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. माझ्याच छाटणीचा अर्थ मीच लावून दिला, हे माझ्या लक्षात आलं ते चहाचे कप उचलताना.

तरी मी तयार झाले. एक जन्म ज्या घरात घालवला ते घर त्या खुर्चीवर उभं होतं. ती गेली तर साहेब काय करतील, कुठे बसतील, याचं चित्रच डोळ्यांपुढे येईना. आणि खोटं जरी बोलायचं असलं, तरी माझी एक खात्री होती. साहेब कोर्टातही परिस्थितीच सांगतील. घरात माणसांची फार वर्दळ असते, वेळ मिळत नाही, असं काहीतरी गोल गोल. मला लागेल असं सरळ काही त्यांच्या तोंडून निघायचंच नाही, कारण सरळ काही निघतच नाही.

साहेब साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिले आणि घडाघडा बोलायला लागले.

आमच्यात संवाद नाही, असं ते म्हणाले. अलीकडचं नव्हे, कितीतरी वर्षांपासून नाही. ती घरात काय करते, कुठे जाते, कुणाला काय देते, मला माहीत नसतं आणि मी विचारत नाही. आमचं लग्न टिकलं आहे ते सवयीने. कुठे आडपडदा नाही, 'म्हणे' नाही, खिडकीबाहेर बघणं नाही. एकेक वाक्य धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते आणि मला आधी दुःख नाही, आश्चर्य वाटलं. या माणसाला असं बोलता येतं?

मग आमच्या वकिलांनी विचारलं, निवडणुकीच्या कामात, निर्णयात कधी पत्नीचा विचार घेता? साहेब थोडे हसले. सभागृहात विरोधकाची फिरकी घेताना हसतात तसं.

"छे," ते म्हणाले. "तिला त्यातलं काही कळत नाही."

बाकांवर हशा पिकला. सेक्रेटरीसुद्धा हसले. स्वयंपाकघराच्या दाराशी रोज सकाळी उभे राहणारे सेक्रेटरी. वकिलांनी ते वाक्य पढवलेलं नव्हतं, हे मी त्यांना नंतर विचारून घेतलं. ते साहेबांनी स्वतःच्या पदरचं घातलं होतं. परत येताना गाडीत साहेब म्हणाले, "आज रस्ता मोकळा मिळाला." म्हणजे साक्ष आपल्या मनासारखी झाली. मला ते लगेच कळलं, आणि कळलं याचाच संताप आला.

दुसऱ्या दिवशी मी उभी राहिले. आमच्या वकिलांनी हळुवारपणे सगळं वदवून घेतलं. साहेबांनी गाद्या वाटायला सांगितलं होतं का? नाही. खोल्या वेगळ्या आहेत? आहेत. राजकारणाबद्दल घरात बोलणं होतं का? होत नाही. इथपर्यंत मी पढवलेल्या वाटेने नीट चालले.

मग समोरचे वकील उठले. उंच, थकल्यासारखे दिसणारे गृहस्थ. हे मला धारेवर धरणार म्हणून मी पदर खोचूनच उभी होते. पण त्यांनी आवाजही चढवला नाही. ते म्हणाले, बाई, तुम्हाला फार काही विचारणार नाही. काल तुमच्या यजमानांचं ऐकलं आणि वाईट वाटलं. इतकी वर्षं संसार करून नवऱ्याचं मन कळू नये, म्हणजे तुम्ही एकट्याच राहिलात म्हणायच्या.

त्यांना काय हवं होतं ते मला आज दिसतं. तेव्हा फक्त एवढं दिसलं, की हा परका माणूस सगळ्यांसमोर माझी कीव करतोय, आणि त्याला कारण माझा नवरा आहे.

"मला कळत नाही असं कोण म्हणतं?" मी म्हटलं.

साहेबच म्हणाले काल, वकील उत्तरले. शपथेवर म्हणाले.

आणि मी बोलायला लागले. घरात आजवर इतकं कधी बोलले नव्हते. चहाचं सांगितलं, कोंदट हवेचं सांगितलं, पुलाचं सांगितलं. शाळेच्या भिंतीचं सांगितलं तेव्हा सेक्रेटरी खाली मान घालून बूट बघायला लागले. मी म्हटलं, या माणसाने मला कधी काही सांगितलेलं नाही, कारण कधी सांगावं लागलंच नाही. तो दारातून आत आला की पायांच्या आवाजावरून मी सांगेन आज सभागृहात काय झालं. आमचे वकील दोनदा उठले, हरकत घेतली; न्यायाधीश बाईंनी हाताने त्यांना बसवलं. त्या लिहायचं थांबवून माझ्याकडे बघत होत्या.

समोरच्या बाकावर साहेब खोकले. साधं घसा खाकरल्यासारखं, आणि चष्मा काढून पुन्हा लावला.

त्या थकलेल्या वकिलांनी एकदा तिकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. "बाई, साहेब आत्ता खोकले. त्याचा काही अर्थ आहे?"

मी काय करतेय हे मला कळत होतं का? त्या खोकल्यापर्यंत नव्हतं. रागाने डोकं फिरलं होतं, जीभ मोकाट सुटली होती. पण तो खोकला ऐकला आणि डोकं एकदम थंड झालं. खुर्ची, घर, मुलाचं पुढचं सगळं, माझ्या पुढच्या एका वाक्यावर आलं होतं. 'सर्दी झालीय त्यांना' एवढं म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर साहेब वाचले असते. आणि मग मी खरोखर तीच झाले असते, काही न कळणारी, सवयीने ठेवलेली. मी साहेबांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, खिडकीबाहेर बघत होते. तिथेही मी समजून घ्यावं अशीच त्यांची अपेक्षा होती.

"आहे ना," मी म्हटलं. "पुरे झालं, गप्प बस, असं म्हणतायत."

"म्हणजे तुम्हाला समजलं. न सांगता."

"न सांगता," मी म्हटलं.

त्यांनी मान लववली आणि खाली बसले. पुढे त्यांनी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही.

मुलगा गाडीत माझ्यावर तुटून पडला. आई, तुला काय सिद्ध करायचं होतं, कुणासमोर करायचं होतं, असं तेच तेच विचारत राहिला. त्याला सांगून कळलं नसतं. साहेब पुढच्या सीटवर बसले होते आणि त्या दिवशी त्यांनी रस्त्याबद्दलही काही म्हटलं नाही.

निकाल लागला. निवडणूक रद्द, आणि पुढची काही वर्षं उभं राहायला बंदी. त्यांच्या वयाला ती काही वर्षं म्हणजे कायमचंच. कोर्टाबाहेर पत्रकारांना ते म्हणाले की न्यायालयाचा आदर करतो. पडवीत रोज सकाळी लोकांसाठी खुर्च्या मांडलेल्या असायच्या. पहिल्या आठवड्यात माणसं सांत्वनाला आली, दुसऱ्या आठवड्यात काही आली, मग ड्रायव्हर एकटाच तिथे बसून फोनवर बोलायला लागला. साहेब आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून आपल्या खोलीत बसायचे. मला त्यांची दया यायची, मग त्यांचं हसू आठवायचं आणि दया जायची. दोघांपैकी कुणी त्या साक्षीचं नाव काढलं नाही. मी चहा वेळेवर देत होते. हवा कोंदट आहे असं ते म्हणाले तर खिडकी उघडत होते, कारण कटवायला आता पाहुणेच नव्हते.

परवा दुपारी पुन्हा बैठक झाली. तीच खोली, तीच चार माणसं, दाराशी सेक्रेटरी. वरच्या कोर्टात जायचं ठरलं होतं. वकील म्हणाले, तिथे मांडायचा मुद्दा एकच: वहिनी त्या दिवशी भावनेच्या भरात बोलल्या, खरं म्हणजे या दोघांचं काही पटत नाही. पण त्यासाठी तसं दिसायला हवं. दोघं एकाच गाडीतून कोर्टात उतरले, संध्याकाळी एकाच घरात परतले, तर कोण विश्वास ठेवणार? एवढं बोलून ते थांबले. पुढचं त्यांना बोलवेना, एवढी लाज अजून शिल्लक होती. त्यांनी साहेबांकडे बघितलं.

साहेब मुलाकडे मान वळवून म्हणाले, "नदीपलीकडचा याचा फ्लॅट रिकामाच पडून आहे."

सगळे माझ्याकडे वळले. वकील, मुलगा, दाराशी सेक्रेटरी. इतक्या वर्षांची सवय. मी अर्थ सांगायचा आणि बाकीच्यांनी लिहून घ्यायचा. मला अर्थ वाक्य संपायच्या आत कळला होता.

"मग?" मी म्हटलं.

साहेब जरा गोंधळले. "बंद घराला कुबट वास लागतो."

"कुणाला तरी खिडक्या उघडून यायला सांगा."

ते खिडकीबाहेर बघायला लागले. मी वाट बघितली. "तुला हल्ली इथली वर्दळ झेपत नाही," ते म्हणाले.

"कुठली वर्दळ? इथे कुत्रं फिरकत नाही."

"आई," मुलगा वैतागून म्हणाला, "तुला कळतंय ते काय म्हणतायत."

"नाही," मी म्हटलं. "मला त्यातलं काही कळत नाही. तुझ्या बाबांनी शपथेवर सांगितलंय."

वकील पेनाचं टोपण काढत होते नि लावत होते. मी साहेबांच्या तोंडाकडे बघत राहिले. खरं सांगायचं तर तेव्हाही मला आशा होती. सरळ बोलायची वेळ आली की जीभ अडखळेल, आणि अडखळली तर त्यात माझ्यासाठी काहीतरी असेल, असं मला वाटत होतं. अगदी थोडं असतं तरी मी ते ओळखलं असतं, तेवढंच तर मला येतं.

साहेबांनी खिडकीवरून नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं.

"तू हे घर सोडून जा," ते म्हणाले. "आजच जा."

आवाज चढला नाही, कापला नाही. लग्न झाल्यापासून त्यांनी मला तोंडाने सांगितलेलं हे पहिलं काम. यात अर्थ लावायला काही नव्हतं. मी तरी शोधला. शब्दांच्या मागे, चष्म्याच्या मागे, खुर्चीच्या हातावरच्या त्यांच्या बोटांत शोधला. काहीच नव्हतं. मग मला वाटलं, आधीही नसेल. चहा हवा आहे, भिंत नको आहे, गाद्या द्या, एवढंच असेल तिथे, आणि बाकीचं सगळं मी माझ्या पदरचं घातलं असेल.

मी उठले. मुलगा म्हणाला, मी सोडतो. मी नको म्हटलं.

वकील दारापर्यंत आले. ओझं उतरल्यासारखा त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. माझी समजूत काढायला म्हणून ते हळू आवाजात म्हणाले, "बरं झालं, वहिनी. या वेळी तुम्हाला खोटं बोलावं लागणार नाही."

मी म्हटलं, नाही लागणार.